उजवा हात मांडीखाली

वैरागडे मास्तर आठवला की मला आधी त्याचा उजवा हात आठवतो, आणि तो कधी दिसायचा नाही हे आठवतं. बुद्धिबळाच्या पटापुढे बसला की मास्तर उजवा हात मांडीखाली सारायचा आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून बसायचा. खेळी करायची वेळ आली की हात बाहेर काढायचा, मुंग्या आलेली बोटं झटकायचा, मोहरा सरकवायचा, आणि हात पुन्हा मांडीखाली. नवीन माणसाला वाटायचं की याच्या हाताला काही दुखणं असेल. दुखणं होतंच म्हणा. फुकटचा मोहरा समोर दिसला की तो हात मास्तरला न विचारता निघायचा. प्यादं असो, उंट असो, मारल्याशिवाय परतायचा नाही, आणि मारून झाल्यावर मास्तरच्या ध्यानात यायचं की आपण काय करून बसलो.

आम्ही दोघं नागपूरच्या महाल भागातल्या एकाच शाळेत होतो. तो गणित शिकवायचा, मी मराठी आणि इतिहास. उंच, किडकिडीत, कोटाचं वरचं बटण कायम तुटलेलं, डोक्यावर काळी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. वर्गात पोरांना ओरडायचा, पण त्या ओरडण्याला पोरंच काय, खिडकीतली चिमणीसुद्धा घाबरायची नाही. एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की म्हणायचा, "रीत बरोबर आहे गा तुझी. फक्त शेवटी घसरला." मला नेहमी वाटायचं, हा माणूस पोराला नाही, स्वतःलाच समजावून राहिला आहे.

दर रविवारी दुपारी मास्तर तात्यासाहेबांकडे जायचा, आणि बहुतेक वेळा मीही सोबत असायचो. मला खेळायची हौस नव्हती, बघायची होती. तात्यासाहेब त्या काळचे नावाजलेले वकील. कोर्टात ज्युडिशिअल कमिशनरपुढेही आवाज चढवून बोलणारे. पण नागपुरात त्यांचा खरा दरारा होता तो बुद्धिबळाचा. उन्हाळ्यात त्यांच्या बैठकीला वाळ्याच्या टट्ट्या लागायच्या, गडी त्यांवर पाणी मारायचा, आणि त्या ओल्या अंधारात सतरंजीवर कापडी पट मांडलेला असायचा. भिंतीला लागून एक रुंद तक्तपोस होता. त्यावर पांढरी गादी, लोड, पानाचं तबक.

त्या बैठकीचा एक कायदा होता. ज्यानं तात्यासाहेबांना एकदा तरी मात दिली, तो गादीवर बसणार. ज्यानं दिली नाही, तो खाली सतरंजीवर. एकदा जिंकला की जन्मभर गादी, मग पुढे शंभरदा हरो. गादीवाल्याला तात्यासाहेब 'अहो' म्हणायचे आणि सतरंजीवाल्याला 'काय गा'. मग तो तहसीलदार का असेना. वैरागडे मास्तर माझ्या माहितीप्रमाणे त्या सतरंजीवर सर्वांत जुना. त्याच्या जागेवर सतरंजीचे धागे उसवून जमीन दिसायला लागली होती.

खेळ देशी पद्धतीचा. विलायती बुद्धिबळ शहरात येऊन पोचलं होतं, सिव्हिल लाइन्सकडे ते खेळलंही जायचं, पण तात्यासाहेबांच्या पटावर त्याला जागा नव्हती. आमच्या पद्धतीत एक गंमत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि त्याचा राजा एकटा उरला, तर डाव जिंकला असं होत नाही. त्याला बुर्ज म्हणतात. डाव तिथेच संपतो, कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. म्हणून जिंकणाऱ्यानं समोरच्याचा एक तरी मोहरा जिवंत ठेवायचा असतो आणि तो जिवंत असतानाच राजाला मात द्यायची असते. चांगला खेळणारा हात आवरून खातो. ज्याच्या हातून बुर्ज झाला तो हावरट, अशी त्या बैठकीतली समजूत होती. तात्यासाहेबांच्या हातून कधीही बुर्ज झाला नाही. ते मास्तरचं एखादं प्यादं कोपऱ्यात शाबूत ठेवायचे आणि स्वतःच्या प्याद्यानं मात द्यायचे. डाव चालू असताना मास्तरपुढे एखादा मोहरा मोकळा टाकायचे आणि म्हणायचे, "मार ना गा मास्तर, भितो काहून?" मास्तरचा हात मांडीखालून निसटायचा, आणि सगळी बैठक हसायची. मास्तरही हसायचा.

मी एकदा त्याला म्हटलं, "कशाला जातोस गा दर रविवारी? तुझं आणि त्यांचं काही जमायचं नाही. ते तुझ्यापेक्षा फार पुढे आहेत."

"जमते," तो म्हणाला. "हिशोब सोपा आहे. मले तात्यासाहेबांपेक्षा चांगलं खेळायची गरज नाही. एका डावापुरतं झालं की बस. त्यायच्या हातून एक चूक झाली पाहिजे, ती मले दिसली पाहिजे, अन् मग माह्या हातून चूक नाही झाली पाहिजे."

"मग?"

"पहिली त्यायच्या हातात. माणूस आहे, कधीतरी चुकीनच. दुसरी माह्या डोळ्यात, ते तं मी तयार करून राहिलो. तिसरी..." असं म्हणून त्यानं उजवा हात पुढे धरला आणि एखाद्या उनाड पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "तिसरीचं काही सांगता येत नाही."

गणित शिकवणाऱ्या माणसाचा हिशोब चुकलेला नव्हता. फक्त तो धरून चालला होता की रविवार कधी संपणारच नाहीत.

एका रविवारी तात्यासाहेबांच्या एका पाहुण्यानं चेष्टेत विचारलं, "मास्तर कधी जिंकतील हो?" तात्यासाहेब पानाला चुना लावत होते. वर न बघता म्हणाले, "ज्या दिवशी सूर्य अंबाझरीवर उगवेल." अंबाझरीचा तलाव शहराच्या पश्चिमेला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हसण्याचा असा काही पूर आला की पान खाणाऱ्याला ठसका लागला. मास्तर बराच वेळ हसला. पण घरी येताना बुधवारी बाजाराच्या कोपऱ्यावर तो थांबला आणि मला म्हणाला, "मले गादीचं काही नाही गा. मले फक्त एकदा त्यायच्या तोंडून 'अहो' ऐकायचं आहे." तेव्हा मला कळलं की हा माणूस हसताना हसत नसतो. मला तात्यासाहेबांचा मनापासून राग आला आणि तो बराच काळ गेला नाही.

गादीवाल्यांचं एक मात्र मी बघत आलो. जिंकले की ते यायचे थांबायचे. एकदा जंगलखात्यातला एक अधिकारी आला, पहिल्याच दिवशी तात्यासाहेबांना मात देऊन गादीवर बसला, मास्तरनं खालून त्याला पानाचं तबक दिलं. तो माणूस पुन्हा त्या घरात दिसला नाही. दुसरा एक रेल्वेतला, तिसरा एक सावकाराचा मुलगा. ज्याला जे पाहिजे ते मिळालं, त्याला रविवारच्या उन्हात महालाच्या बोळातून चालत यायचं कारण उरलं नाही. तात्यासाहेबांनी वकिली सोडल्यावर तर सतरंजीही रिकामी व्हायला लागली. गादीवरचा पांढरा अभ्रा धुतलेला, इस्त्रीचा, सुरकुती नसलेला. खाली एक म्हातारा होत चाललेला वकील, त्याच्यासमोर एक म्हातारा होत चाललेला मास्तर, आणि बाजूला मी. तात्यासाहेब तरीही 'काय गा'च म्हणायचे.

मास्तरची बायको यमुनाबाई पावसाळ्याच्या शेवटी गेली. ताप आला आणि उतरलाच नाही. घरात मूलबाळ नव्हतं. ती मास्तरच्या रविवारांवर फार चिडायची. दारात उभी राहून म्हणायची, "जा, हारून या, मग जेवा." ती गेल्यावर सुतक संपलं आणि पुढच्या रविवारी मास्तर माझ्या दारात उभा. मी म्हटलं, "आज राहू दे." तो म्हणाला, "घरी काय करू?" आम्ही गेलो.

त्या दिवशी तात्यासाहेबांनी पट मांडला, मास्तरला पहिली खेळी दिली. डाव मध्यावर आला असेल, तात्यासाहेबांनी आपला वजीर उचलला आणि मास्तरच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला. मी चटकन बघितलं. त्यामागे काही नव्हतं. सापळा नव्हता, बदल्यात काही मिळत नव्हतं, वजीर नुसता दिला होता. पुढे मात दिसत होती, मलासुद्धा दिसत होती. तात्यासाहेबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. ते खाली मान घालून सुपारी कातरत होते.

मास्तर त्या वजिराकडे बघत बसला. हात मांडीखालीच होता. इतक्या वर्षांत मी प्रथमच बघत होतो की फुकटचा मोहरा समोर आहे आणि तो हात हललेला नाही. मग मास्तर उठला. "आज नको तात्यासाहेब," तो म्हणाला. "असा नको." चपला घालताना त्याचा पाय चपलेत शिरत नव्हता. तात्यासाहेबांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा ओशाळलेला बघितला. पुढच्या रविवारी दोघंही समोरासमोर बसले, आणि तात्यासाहेबांनी मास्तरचा असा काही फडशा पाडला की डाव पान रंगायच्या आत संपला. मास्तर त्या दिवशी घरी येताना जरा बरा दिसत होता.

त्यानंतर काही वर्षांनी तात्यासाहेबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. घशातून काही आवाज निघायचे, ते सूनबाईंना कळायचे. बैठकीतला तो तक्तपोस हवेशीर म्हणून त्यांचं अंथरूण त्याच गादीवर घातलं होतं. मास्तर रविवारी जायचा, त्यांच्या उशाशी खाली बसायचा, पटावर एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. तात्यासाहेब डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघायचे. बघवायचं नाही. मी एक-दोनदा नको म्हणून टाळलं.

थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी सूनबाईंनी सांगितलं, "काकाजी, दोन दिवसांपासून बाबा पटाकडे बोट दाखवून राहिले." तात्यासाहेब लोडाला टेकून बसवलेले होते, डावा हात मांडीवर. मास्तरनं विचारलं, "खेळायचं?" त्यांनी डोळे मिटून उघडले.

पट गादीवर मांडला. सूनबाई म्हणाल्या, "वर बसा ना काकाजी, खालून कसं पुरेल?"

"मात झाल्यावर बसतो," मास्तर म्हणाला, आणि तक्तपोसाला लागून गुडघ्यांवर उभा राहिला. आता हात मांडीखाली घालायची सोय नव्हती. त्यानं तो पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं मनगट धरलं.

तात्यासाहेबांचा डावा हात कापत होता. ते मोहरा उचलायचे तर शेजारचा पडायचा, मी तो उभा करायचो. आणि खेळ? सांगायला जड जातं. तो खेळ नव्हताच. त्यांनी हत्ती असाच दिला, मग उंट, मग दुसरा हत्ती. माणसाच्या घरातलं एकेक सामान कुणीतरी बाहेर नेत असावं आणि त्यानं नुसतं बघत राहावं, तसं. हे वजीर द्यायच्या दिवसासारखं नव्हतं. त्या दिवशी देणारा शुद्धीवर होता. आज ते त्यांच्या परीनं जिवाच्या कराराने लढत होते. कपाळावर घाम होता. मास्तरला हे कळत होतं. त्यानं मला हळूच म्हटलं, "हे खरं खेळून राहिले गा."

शेवटी तात्यासाहेबांकडे राजा आणि एक घोडा उरला. मास्तरकडे वजीर, एक हत्ती आणि दोन प्यादी. तात्यासाहेबांचा राजा कोपऱ्यात. मात इतकी जवळ होती की दारातून आत येणाऱ्यालाही दिसली असती. तात्यासाहेबांनी बराच वेळ घेतला. मग कापऱ्या डाव्या हातानं घोडा उचलला आणि मास्तरच्या राजाला शह दिला. घोडा मास्तरच्या प्याद्याच्या तोंडात होता. मास्तरनं राजा एक घर बाजूला घ्यायचा, की पुढे मात. घोडा मारायचा नाही, एवढंच.

तात्यासाहेबांच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण चाल ओळखीची होती. 'मार ना गा, भितो काहून?' म्हणताना त्यांचा आवाज जसा शेवटी वर चढायचा, तसाच तो चढला.

आणि मास्तरचा उजवा हात पाठीमागून सुटला. प्याद्यानं घोडा मारला.

मोहरा पटाबाहेर ठेवून झाल्यावर मास्तरनं पटाकडे बघितलं. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्या चेहऱ्यावर काय होतं याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. इतकी वर्षं प्रत्येक रविवारी तोच चेहरा मी बघितला होता, हात निघून गेल्यानंतरचा. फक्त या वेळी तो हसला नाही.

तात्यासाहेबांच्या तोंडाची चांगली बाजू वर सरकली. "बुर्ज," ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले. आजारानंतर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. सूनबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांनी मास्तरच्या पायांना हात लावला. "काकाजी, तुम्ही बाबांची लाज राखली."

"नाही वं बाई," मास्तर म्हणाला. "मी नाही राखली. चुकलो मी."

"असंच म्हणाल तुम्ही," सूनबाई म्हणाल्या.

घरी येताना मी त्याला धीर द्यायला म्हटलं, "विलायती पद्धतीनं हा डाव तूच जिंकला असतास गा. तिथे बुर्ज नसतो."

"विलायतेत मी कवा खेळलो?" तो म्हणाला. तेलीपुऱ्याजवळ आल्यावर थांबला. "चूक त्यायच्या हातून झाली," तो म्हणाला. "एक नाही, सगळ्याच झाल्या. मले दिसल्या. सगळ्या दिसल्या." रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या साली पडलेल्या होत्या, त्या तो चपलेनं बाजूला करत राहिला.

तात्यासाहेब त्याच पंधरवड्यात गेले. आणि डावाची ती गोष्ट ते जायच्या आधीच सगळ्या महालात पोचली. मरणाच्या दारात बसलेल्या मित्राला हरवायला नको म्हणून मास्तरनं हातात आलेली मात सोडली. शाळेत हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी ती पोरांना सांगितली. बाजारात लोक मास्तरला नमस्कार करायला लागले. मास्तर भेटेल त्याला सांगायचा, "सोडली नाही हो, चुकलो. माहा हात असाच जाते." ऐकणाऱ्याचा आदर उलट वाढायचा. जो माणूस एकदा दिलेला वजीर न मारता उठून गेला होता, त्याच्या गळ्यात लोकांनी तशीच भीक दुसऱ्याला घातल्याचं पुण्य बांधलं. आपण चुकलो हे कबूल करायचाही त्याला हक्क राहिला नाही. इतका एकटा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तेरवीला मी आणि मास्तर सोबतच गेलो. तात्यासाहेबांचा थोरला मुलगा बाळासाहेब दारातच भेटला. त्यानं मास्तरचा हात धरून, भरल्या बैठकीतून, त्याला तक्तपोसापर्यंत नेलं. अंथरूण काढलेलं होतं, गादीवर नवा पांढरा अभ्रा. जुने गादीवाले सगळे आले होते, जंगलखात्यातला तो अधिकारीसुद्धा. "अहो मास्तर, बसा," बाळासाहेब म्हणाला. "बाबांच्या मागे ही जागा तुमचीच आहे."

"मी चुकलो होतो बाळासाहेब," मास्तर म्हणाला. "मात नाही दिली मी."

"ऐकलं?" बाळासाहेब लोकांकडे वळला. लोकांनी माना डोलावल्या. मास्तरनं माझ्याकडे बघितलं. "तू होता न तिथं. सांग न यायले."

मी सांगितलं. खरंच चूक झाली, मी डोळ्यांनी बघितलं, असं मी मोठ्यानं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मित्र असावा तर असा." बाळासाहेबांनी मास्तरला खांद्याला धरून गादीवर बसवलं आणि लोक जेवायला उठले.

पंगतीला जाताना मी दारातून मागे वळून बघितलं. बैठक रिकामी होत होती. सतरंजी काढून टाकलेली होती, पट कुठे ठेवला होता कोण जाणे. मास्तर गादीच्या अगदी कडेला बसला होता, पाय जमिनीला टेकवून, टोपी डाव्या हातात. समोर काहीही नव्हतं. तरी उजवा हात त्यानं मांडीखाली घातला होता आणि सगळा भार टाकून त्याच्यावर बसला होता.